गार टायरचा आकडा

वादी कबीरच्या गल्लीत, शंबेच्या दुकानात
काउंटरवर दोन डब्या.
एकीत वाल्वच्या टोप्या, सुपारीएवढ्या,
पान्याशिवाय, बोटांनी फिरवून बसणाऱ्या.
दुसरीत आतले सेन्सर.
त्यांच्यासाठी टायर उतरवावा लागतो,
बॅटरी बदलता येत नाही,
पाच वर्षांनी अख्खा सेन्सर टाकून द्यायचा.

दिवसभर हेच करतो मी रिफायनरीत.
बारा बार, चाळीस बार,
गेज खोटं बोलतंय की पाइप
हे ठरवायचा पगार घेतो.
आणि स्वतःच्या मागच्या चाकाला
अंगठ्यानं दाबून म्हणत आलो:
आहे हवा, चालेल.

गेल्या शुक्रवारी नाही चाललं.
सूरहून परतताना, फिन्सच्या अलीकडे,
गाडी कंबर हलवायला लागली,
वळणावर मला न विचारता वळायला लागली.
मला वाटलं, वारा. समुद्राकडून असतोच तिथे.
मग वाटलं, डोळे. चाळिशी उलटलीय.
दोष आपल्याच चाकात असेल
हे माणसाला सगळ्यात शेवटी सुचतं.
इक्बाल परकार मागून हॉर्न देत आला,
एक हात खालीवर करत,
कुणाची तरी म्हैस उधळल्यासारखा.

खिळा नव्हता. काच नव्हती.
वाल्वच्या मुळाशी केसाएवढी भेग.
थुंकी लावली तर एक बुडबुडा,
जरा थांबून दुसरा.
साठ किलोमीटर मी त्या बुडबुड्यांवर बसून आलो होतो.

शंबे टोपी तळहातावर नाचवतो.
नऊ रियाल. वजन बारा ग्रॅम,
पण शंभरच्या वेगात ते बारा ग्रॅम राहत नाही,
रबरी वाल्वची मान पुन्हा तडकेल,
आधी पितळी वाल्व घाल.
शिवाय पार्किंगमधून कुणीही काढून नेईल.
आतला अठ्ठावीस रियाल.
तो कुणाला काढता येत नाही.
तुलासुद्धा नाही.

आणि उन्हाळ्यात? मी विचारतो.
जुलैत डांबरावर अंडं ठेवलं तर शिजतं,
तेहतीसचे एकोणचाळीस होतात,
हा दुपारभर बोंबलत बसणार.
शंबे हसतो. खरा आकडा पहाटेचा,
गार टायरचा. तोच लक्षात ठेव.
रस्त्याला लागल्यावर सगळेच फुगतात.

पाच वर्षं.
मी मनात हिशेब करतो.
रेसिडन्स कार्ड मार्चमध्ये संपतंय,
नवं मिळालंच तर दोन वर्षांचं.
कंट्रोल रूममधल्या तिघांना पत्रं गेलीत,
त्यातला एक माझ्यानंतर लागलेला.
बाहेरची टोपी बरी. फिरवली की सुटते,
खिशात टाकून विमानात बसावं,
गाडी कुणाला तरी निम्म्या किमतीत द्यावी.

दोनच वर्षं राहिलीत माझी, मी म्हणतो,
कशाला तो आतला.

शंबे कॉम्प्रेसरचा पाइप गुंडाळतोय.
वर न बघता म्हणतो,
मागची गाडी घेतलीस तेव्हाही दोनच राहिली होती.
त्याआधीच्या वेळीही.
तेव्हा या दुकानाच्या पाटीवर
माझ्या बापाचं नाव होतं.

पाइप गुंडाळून होतो. खिळ्याला लागतो.
मी दुसरी डबी त्याच्याकडे सरकवतो.
चाकं उतरतात. टायरच्या पोटातून
बोटभर वाळू निघते,
कधी शिरली, कुठली, कुणास ठाऊक.
तासाभरात हँडलवर दोन हिरवे आकडे:
पुढे तेहतीस, मागे छत्तीस.
मी उगाच किल्ली बंद करून पुन्हा चालू करतो.
तेच आकडे.

रात्री वैजूला फोनवर सांगितलं.
किती दिवस टिकतं, तिनं विचारलं.
पाच वर्षं, म्हणालो,
आणि पलीकडे थोडा वेळ
फक्त पंख्याचा आवाज.

मग म्हणाली,
पावती नीट जपून ठेव.